गाडीतलं वाचन घरी आणताना

येत्या मेअखेर मी बँकेतून निवृत्त होतेय. ज्या महिन्यात साठी पूर्ण होते, त्या महिन्याची शेवटची तारीख हा आमचा शेवटचा दिवस. तो नोकरीला लागल्यापासूनच ठाऊक असतो. तरीही गेली दोन-अडीच वर्षं जो भेटेल तो विचारतो, "मग, पुढे काय ठरवलंय?" मी "वाचणार" म्हटलं की समोरच्याचा चेहरा खुलतो. "वा! आता काय, वेळच वेळ!"

हे 'वेळच वेळ' मला पटत नाही. माझ्या आधी निवृत्त झालेल्या, पट्टीच्या वाचणाऱ्या कितीतरी जणांचं वाचन वर्षभरात आटलेलं मी पाहिलंय. प्रकृती धड, पेन्शन पुरेशी, कपाट पुस्तकांनी भरलेलं, आणि हातात दिवसभर फोन. असं का होतं याचा विचार करताना मी स्वतःच्या वाचनाकडे नीट बघायला लागले. त्यातून जे उमगलं ते इथे मांडतेय. ज्यांची नोकरी अजून दोन-चार वर्षं उरलीय आणि ज्यांना वाचनात खरंच सुख आहे, त्यांच्यासाठी हे आहे.

१. आपलं वाचन राहतं कुठे, ते आधी शोधा

माझं वाचन ठाणे ते सीएसएमटी या चौतीस किलोमीटरमध्ये राहतं. 'कोसला', 'रणांगण', 'युगान्त', 'बलुतं' हे सगळं मी लेडीज डब्यात वाचलं. सकाळी बसायला जागा मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर एक हात कडीला आणि दुसऱ्या हातात मधोमध उघडून धरलेलं पुस्तक, अंगठ्याने पान दाबलेलं. म्हणून कितीतरी वर्षं मी पुस्तक विकत घेताना आधी ते एका हातात धरून बघायची.

गाडीत वाचन का होतं? तिथून उठता येत नाही. तिथे कोणी आपल्याला हाक मारत नाही. आणि शेवट ठरलेला असतो: दादर गेलं की प्रकरण आवरतं घ्यायचं, भायखळ्याला खूण घालून पुस्तक पर्समध्ये. माझ्या शिक्षक मैत्रिणीचं वाचन ऑफ तासात आणि स्टाफरूमच्या खिडकीशी राहतं. माझे दीर एसटीत होते, त्यांचं मुक्कामाच्या डेपोत राहायचं. म्हणजे आपण ज्याला नोकरीतून चोरून काढलेला वेळ म्हणतो, तो वेळ नोकरीनेच आपल्याला दिलेला असतो. नोकरी सुटली की ती गाडी सुटते, तो ऑफ तास सुटतो आणि वाचनाचं घरच जातं. उरतो तो नुसता सुटा वेळ. सुट्या वेळात माणूस क्वचितच वाचतो.

तेव्हा पहिलं काम हे शोधायचं, आणि नोकरीत असतानाच वाचनाला दुसरी जागा करून द्यायची.

२. रंगीत तालीम करा

मागच्या वर्षी शिल्लक रजेतली एक आठवडा रजा घेतली आणि कुठेही न जाता घरी राहिले. निवृत्तीनंतरचा दिवस कसा असेल ते पाहायचं होतं. सकाळी पुस्तक घेऊन बसले की दूधवाला, मग कुरिअर, मग मावशींना भाजी निवडायला काढून देणं, मग सोसायटीच्या टाकीचा निरोप. पण या सगळ्यापेक्षा एक गोष्ट जास्त जाणवली. घरात वाचत बसलेली बाई सगळ्यांना रिकामी दिसते. स्वयंपाक करताना कोणी हटकत नाही, देवपूजा करताना तर नाहीच नाही. पुस्तक हातात दिसलं की मात्र, "अगं, काही करत नाहीयेस ना? मग जरा..."

हे आधीच निवृत्त झालेत. स्वभावाने समजूतदार आहेत, पण सवय ती सवयच. त्या आठवड्याच्या तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "नऊ ते अकरा मी घरात नाही असं समजा."

"आणि चहा?"

"तो तुम्ही कराल. दोघांचा."

त्यांनी केला. तेव्हापासून दर रविवारी आणि सुटीच्या शनिवारी आमच्याकडे हीच पद्धत आहे. गॅलरीतली खुर्ची, डाव्या हाताला स्टूल, फोन स्वयंपाकघरात आणि अकराला उठायचं. अकराला उठायचं हे मुद्दाम ठरवलंय, कारण शेवट नसलेल्या बैठकीत मन लागत नाही. दादर यावं लागतं.

बायकांना माझं कळकळीचं सांगणं आहे, हे बोलणं निवृत्तीनंतर करू नका. तोवर घरातल्यांच्या मनात तुमच्या मोकळ्या वेळाची वाटणी होऊन गेलेली असते. नातवंडं, सासू-सासरे, बँकेची कामं, पाहुणे, सगळ्यांच्या नावावर थोडा थोडा. तुम्ही अजून कमावत्या आहात, रोज घराबाहेर पडताय, तेव्हाच सांगा.

३. डोळ्यांचं काम आधी उरका

चाळिशी का लागते, तर डोळ्यातलं भिंग वयाप्रमाणे ताठर होत जातं आणि जवळचं बघायला फुगत नाही. एवढं बहुतेकांना माहीत असतं. पण वयाबरोबर बाहुलीही लहान होते आणि भिंगाला पिवळसर झाक येते, त्यामुळे डोळ्यात उजेडच कमी शिरतो. तरुणपणी ज्या दिव्याखाली सहज वाचलं, तो दिवा आता पुरत नाही. आपण समजतो लक्ष लागत नाही, पुस्तक रटाळ आहे, वय झालं. खोलीतला दिवा बदलून बघा. मी खुर्चीमागे, डाव्या खांद्यावरून उजेड येईल असा उभा दिवा घेतला आणि जुन्या आवृत्त्यांचा बारीक टाइप पुन्हा वाचता यायला लागला.

चष्म्याच्या दुकानात जाताना पुस्तक बरोबर न्या. तिथला तक्ता आपण ताठ बसून वाचतो. घरी पुस्तक मांडीवर असतं. आपण ज्या अंतरावर धरतो, त्याच अंतरावर धरून नंबर तपासून घ्या. प्रोग्रेसिव्ह भिंग बाहेर फिरायला सोयीचं, पण त्यात वाचायचा भाग खाली, चिंचोळा असतो. तासभर वाचायचं तर मान तशीच धरून ठेवावी लागते. मी फक्त वाचायचा असा वेगळा चष्मा करून घेतला. तो खुर्चीजवळच असतो.

मनगटाचंही तेच. जाड पुस्तकं धरवेनाशी होतात, मग आपोआप टाळली जातात. पोथीसाठी मिळतं तसलं घडीचं लाकडी स्टँड टेबलावर ठेवलं की हा प्रश्न मिटतो.

४. वाचनालयाचं कार्ड निवृत्तीच्या दिवशी जुनं असावं

ठाण्यात राहणाऱ्यांचं भाग्य असं की इथे मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. १८९३ साली ते सुरू करण्यात पुढाकार होता वि. ल. भाव्यांचा, 'महाराष्ट्र सारस्वत' लिहिणाऱ्या भाव्यांचा. तेव्हा त्यांनी पंचविशीही गाठली नव्हती. पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८चं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५०चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय तर १८४०चं. १९६७च्या ग्रंथालय कायद्यानंतर अ, ब, क, ड अशा दर्जांची, सरकारी अनुदानावर चालणारी हजारो वाचनालयं महाराष्ट्रात उभी राहिली. तालुक्याच्या गावी एक तरी असतंच. निवृत्तीनंतर गावी जाऊन राहायचं ठरवलं असेल, तर गावचं घर दुरुस्त करायच्या आधी तिथलं वाचनालय बघून या. कधी उघडतं, नवी पुस्तकं शेवटची कधी घेतली, बसायला जागा आहे का, हे विचारा.

आणि सभासद आत्ताच व्हा. अनामत रक्कम आणि महिन्याची वर्गणी हा फार थोडा खर्च आहे. खरी किंमत ओळखीची आहे. आमच्याकडे काउंटरवर एक बाई आहेत, अनेक वर्षांपासून. मी काय परत करते आणि काय अर्धवट परत करते, दोन्ही त्यांच्या लक्षात असतं. "हे तुम्हाला नाही आवडायचं, हे न्या," असं त्या सांगतात आणि बहुतेकदा बरोबर असतात. मधू मंगेश कर्णिकांच्या कथा घेऊन मी उभी होते, तर त्यांनी उद्धव शेळक्यांची 'धग' हातात ठेवली. १९६०ची कादंबरी, वऱ्हाडातली. माझ्यासारखी कोकणातली बाई आपण होऊन त्या कपाटाकडे गेलीच नसती. अशी ओळख व्हायला वर्षं लागतात. म्हणून नोकरीत असतानाच दर शनिवारी एक फेरी असू द्या.

ज्यांच्या जवळपास चांगलं वाचनालय नाही, त्यांनी नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' या योजनेची चौकशी करावी. पुस्तकांच्या पेट्या सोसायट्यांत, वस्त्यांत पोचवणारी ती योजना आता देशाबाहेरच्या मराठी माणसांपर्यंतही गेली आहे.

५. तरुणपणी वाचलेलं एक पुस्तक पुन्हा वाचा

निवृत्तीच्या तयारीत सगळ्यात जास्त मला कशाने दिलं असेल, तर पुनर्वाचनाने.

माझी पहिली नेमणूक सातारा जिल्ह्यातल्या एका लहान शाखेत झाली. घरापासून पहिल्यांदाच लांब, भाषेचा ढंग वेगळा, माळरान, पाण्याचे हाल. तेव्हा कोणीतरी 'बनगरवाडी' दिली. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ची. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर एक कोवळा मास्तर येतो, मोडकी शाळा उभी करतो, गावाच्या कष्टांतून तालीम बांधतो. मग दुष्काळ पडतो आणि वाडी उठून जाते. मी त्या वाचनात पूर्ण मास्तराच्या बाजूने होते. त्याचं एकटेपण, त्याची धडपड, लोकांनी त्याला आपलं म्हणणं. मीही नवीनच होते, मलाही कोणी आपलं म्हणायला हवं होतं. म्हातारा कारभारी मला तेव्हा मास्तराच्या गोष्टीतला एक भला माणूस एवढाच वाटला होता.

गेल्या पावसाळ्यात ती पुन्हा वाचली आणि सबंध पुस्तकभर मी कारभाऱ्याकडेच बघत राहिले. वाडीत ज्याच्या शब्दाशिवाय पान हलत नाही, असा हा माणूस. नव्या पोराला तोच हात देतो, लोकांना शाळेकडे वळवतो. पुढे एका गैरसमजावरून त्याचं मास्तराशी बिनसतं, तो बोलणं टाकतो, आणि वाडीची कामं त्याच्यावाचून होत राहतात. माडगूळकर यावर काहीही भाष्य करत नाहीत. कारभारी काय करतो, कुठे बसतो, कोणाशी बोलत नाही, एवढंच सांगतात. पस्तिशीच्या आतल्या लेखकाला म्हाताऱ्या माणसाच्या मनातलं हे कसं दिसलं असेल? शाखेत आता नवी मुलं आलीत. सिस्टीम त्यांना माझ्यापेक्षा चांगली येते. मी केबिनमधून बाहेर येऊन काही सांगायच्या आत त्यांनी ते केलेलं असतं. ते पाहताना मला बरं वाटतं आणि आत कुठेतरी हलतंही. त्या हलण्याला पुस्तकात जागा सापडली.

विशीत वाचलेलं तुमचं पुस्तक वेगळं असेल. आपण आता कोणाच्या बाजूला उभे आहोत हे ते सांगतं, आणि ते निवृत्तीआधी कळलेलं बरं.

६. शेवटच्या दिवशी कशाच्या तरी मध्यात असा

'रिटायर झाल्यावर ज्ञानेश्वरी वाचायचीय' हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय! ती वाचायला निवृत्तीची गरज नाही. अठरा अध्याय आणि नऊ हजारांच्या आसपास ओव्या आहेत. रोज पंचवीस घेतल्या तर वर्षात पूर्ण होते. पंचवीस ओव्या म्हणजे सार्थ प्रतीत दोन-तीन पानं. अर्थासकट वाचायला वीस मिनिटं लागतात.

मी गेल्या दिवाळीच्या पाडव्याला सुरू केली. नवव्या अध्यायापर्यंत भीत भीत गेले, आता भीती गेली. या वेगाने मेअखेर मी तेराव्या अध्यायात असेन. हिशेब मांडला तेव्हा सहज पुढे चाळून पाहिलं. त्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं सांगितली आहेत आणि त्यात पहिलंच लक्षण आहे अमानित्व. मानाची अपेक्षा नसणं. गीतेत तो एक शब्द आहे. ज्ञानदेव त्याच्यावर ओव्यांमागून ओव्या लिहितात, अशा माणसाला कोणी मोठं म्हटलं तर तो कसा संकोचतो, कसा आडोसा शोधतो, हे दाखवतात. दारावरची पाटी उतरायच्या आठवड्यात मी हे वाचत असणार. असा योग ठरवून आला नसता.

ज्ञानेश्वरीच हवी असं नाही. कोणाला तुकोबांची गाथा, साडेचार हजारांहून अधिक अभंग. कोणाला 'तुंबाडचे खोत'चे दोन खंड, कोणाला महाभारताचे. पण ते आधी सुरू झालेलं असावं. एक तारखेच्या सकाळी उठल्यावर 'आता काय' हा प्रश्न पडू नये. कालची खूण कुठे आहे एवढंच बघावं लागावं.

७. कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा

आईच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली तेव्हा ती माझ्याकडे होती. डोळा स्थिरावेपर्यंत नवा नंबर देत नाहीत, त्यात काही आठवडे जातात. वर्तमानपत्र कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत वाचणारी बाई हात बांधून बसलेली मला बघवेना. आई दापोलीकडची. श्री. ना. पेंडसे त्याच मुलखातले, मुर्डीचे. म्हणून 'गारंबीचा बापू' काढलं आणि रोज संध्याकाळी वाचून दाखवायला लागले.

वाचन कसलं, संभाषणच झालं ते. पोफळीच्या बागेचं वर्णन आलं की आई थांबवायची. "शिंपणं कोणाच्या वाटणीचं ते आधी ठरायचं हो. त्यावरून डोकी फुटायची." मग तिच्या काकांची बाग, रहाटाचा आवाज, सुपाऱ्या सोलायला बसणाऱ्या बायका. पंधरा मिनिटांनी आम्ही पुन्हा पानावर. राधा गोष्टीत आली तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आमच्या घरी हे पुस्तक माजघरात आणायला बंदी होती. वहिनीने पडवीत लपवून वाचलं, मग मला दिलं." ही गोष्ट मी साठ वर्षांच्या आयुष्यात कधी ऐकली नव्हती. पुस्तक संपलं त्या दिवशी तिने निकाल दिला, "राधेचं बरोबर होतं. तेव्हा म्हणता आलं नसतं, आता म्हणते."

मनातल्या मनात वाचताना आपण वाक्यं गिळतो. मोठ्याने वाचताना प्रत्येक वाक्य तोंडातून जातं, आणि पेंडशांचं कोकणी बोलणं कानावर पडल्याशिवाय पुरतं कळतच नाही, हे मला तेव्हा समजलं. आता आईचा डोळा उत्तम आहे, ती स्वतः वाचते. तरी फोनवर संध्याकाळी थोडंसं वाचन चालू आहे, आणि आता वाचून ती दाखवते.

तुमच्या घरात किंवा शेजारी असं कोणी असेल. नसेल तर वृद्धाश्रमात, अंधांसाठी काम करणाऱ्या संस्थेत वाचून दाखवणाऱ्यांची कायम गरज असते. त्यासाठी आवाज कमावावा लागतो आणि दमही. दहा पानांनंतर घसा बसतो. म्हणून हीही सवय आधीपासून लावा.

८. चार वाचणारी माणसं धरून ठेवा

नोकरीतल्या मैत्रीचा मोठा भाग रोज भेटण्यावर उभा असतो. आमच्या डब्यातल्या आम्ही काहीजणी पुस्तकं अदलाबदल करणाऱ्या. एक डोंबिवलीची, एक बदलापूरची, एक निवृत्त होऊन रत्नागिरीला जाणारी. गाडी सुटली की आम्ही पांगणार हे उघड होतं. म्हणून दोन वर्षांपूर्वीच दुसरा शनिवार धरला, बँकांना सुटी असते तो. महिन्याला एकीच्या घरी.

पहिल्या दोन बैठकींत प्रत्येकजण पुस्तकाची गोष्ट सांगत बसली आणि ऐकणाऱ्यांचा रस गेला. मग आम्ही ठरवलं की गोष्ट सांगायची नाही. आवडलेला एकच उतारा मोठ्याने वाचायचा, तो का निवडला ते सांगायचं आणि थांबायचं. त्यावर जिला बोलायचं ती बोलेल. तेव्हापासून बैठक रंगते. सुना, गुडघे आणि डीए हे विषय चहानंतर. रत्नागिरीला जाणारी व्हिडिओ कॉलवर असणार आहे, तिने तिथे आणखी दोघी शोधल्याही आहेत.

९. पासाचे पैसे पुस्तकांना

रेल्वेचा तिमाही पास, रिक्षा, बाहेरचं खाणं, ऑफिसच्या साड्या हे खर्च निवृत्तीनंतर संपतात. त्यातला पासाएवढा भाग दरमहा पुस्तकांसाठी वेगळा काढायचं मी ठरवलंय. पेन्शन हातात आली की पहिली कात्री पुस्तकांना लागते, औषधं आणि लग्नकार्यांपुढे ती टिकत नाहीत. म्हणून रक्कम लहान असली तरी वेगळी हवी.

दिवाळी अंक विकत घेणं आता जड जातं. बहुतेक वाचनालयांत ठरावीक रक्कम भरून सगळे अंक वाचायची योजना असते, ती घ्या. काशीनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तिथपासूनची ही परंपरा, आणि ती जगते ती अशा वाचकांवर. फुकटही पुष्कळ आहे. मराठी विश्वकोश सबंध ऑनलाइन वाचता येतो, राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर आहेत. किंडलवर अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. ऐकायची पुस्तकंही आता मराठीत भरपूर मिळतात. भाजी निवडताना मी ऐकते, पण खुर्चीत बसून ऐकलं की झोप लागते, म्हणून खुर्चीत कागदाचंच.

१०. वही ठेवा

काय वाचलं, कधी, आणि एखादं वाक्य स्वतःचं. यापेक्षा जास्त नको. पुढे त्यातून काही लिहावंसं वाटलं तर लिहा, आणि वयाचा विचार करू नका. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ मध्ये आली, तेव्हा त्यांनी साठी केव्हाच ओलांडली होती. पेंडशांनी बेस्टमधल्या नोकरीची वर्षं मागे टाकली आणि 'तुंबाडचे खोत' १९८७ साली दिलं, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी.

११. कपाट आत्ताच आवरा

हात चालतात, शिडीवर चढता येतं, तोवर हे करावं. दसऱ्यानंतर, पावसाळ्याची ओल ओसरली की मी एकेक खण रिकामा करते. पुस्तकं उघडून सावलीत वाऱ्यावर ठेवायची, थेट उन्हात कागद पिवळा पडतो, कडकतो. खण कोरड्या फडक्याने पुसून वेखंडाची पुरचुंडी टाकायची, कसर येत नाही. पुस्तकं भिंतीला चिकटवून लावायची नाहीत. आमच्या इमारतीत बाहेरच्या भिंतीला ओल चढते, आणि वाळवी तिथूनच येते.

मग तीन ढीग. पुन्हा वाचणार ती, कोणाला तरी हवी असतील ती आणि कोणालाच नको असतील ती. मधल्या ढिगाला सगळ्यात जास्त वेळ द्या. वाचनालयाला द्यायची तर आधी फोन करून विचारा, सगळीच पुस्तकं त्यांना ठेवता येत नाहीत आणि पोती नेऊन टाकली तर त्यांचीच अडचण होते. माझ्याकडची बँकिंगची जुनी पुस्तकं परीक्षेला बसणाऱ्या शाखेतल्या मुलांनी नेली. लेक बेंगळुरूला असते, मराठी सावकाश वाचते. तिला विचारलं, काय ठेवू तुझ्यासाठी? तिने 'शाळा' आणि आजीच्या हातची सही असलेलं 'गारंबीचा बापू' मागितलं. बाकीचं मग निश्चिंतपणे वाटता आलं.

निरोप समारंभाचंही शाखेत सांगून ठेवलंय. भिंतीवरचं घड्याळ नको, चांदीचा दिवा नको. यादी मागितली म्हणून दिलीय. त्यात पहिलं नाव दुर्गाबाई भागवतांच्या 'ऋतुचक्र'चं आहे. मराठी महिन्यांवरचे लेख, ज्या त्या महिन्यात वाचायचे. माझी सुरुवात ज्येष्ठापासून होईल.